तुम्हाला मिळालेली सगळ्यात लक्षात राहिलेली भेट कोणती? (आमच्या घरच्या पातेल्यावरून सुचलं)

कृष्णाकाठचा
नमस्कार मंडळी, एरवी मी वाचनमात्र, पण आज धागा काढतोय त्याला कारण आमच्या आईचं दुधाचं पातेलं.

आई पंचाहत्तरीची आहे, सांगलीला गावभागात राहते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला तेव्हा आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, आमचा तळमजला तर माळ्यासकट पाण्यात. तिला आदल्या दिवशीच मिरजेला मावशीकडे हलवलं होतं म्हणून बरं. पाणी उतरल्यावर दार ढकलून आत गेलो तर गुडघाभर चिखल, फ्रीज आडवा, कपाटातल्या साड्यांचा लगदा, आणि मी डोक्याला हात लावून उभा असताना ही बाई पदर खोचून सरळ स्वयंपाकघरात शिरली आणि कोपरापर्यंत हात चिखलात घालून चाचपायला लागली. मला वाटलं दागिन्यांचा डबा शोधतेय. तर वर काय आलं, पितळी पातेलं. मग म्हणाली "हां, आता बघू बाकीचं काय ते".

पातेलं साधारण तीन लिटरचं, एका बाजूने काठ चेपलेला. १९७१ साली तिच्या लग्नात मिळालेलं. त्यावर खिळ्याने ठोकून काढतात तशी टिंबाटिंबांची अक्षरं आहेत, "चि. सौ. कां. बेबी हिस वाड्यातील बिऱ्हाडकरूंकडून". ठोकणाऱ्याने आधी "बिऱ्हाकरू" असंच ठोकलंय आणि चूक कळल्यावर ड वरती डोक्यावर चढवलाय, एवढासा. तेव्हा वाड्यात नऊ बिऱ्हाडं होती, प्रत्येकाने दोन दोन रुपये काढलेले, कुणाचे दोन उशिरा आले तेही आईला पाठ आहे.

आता घर बिल्डरला दिलंय, आई पुण्याला आमच्याकडे येतेय, बांधाबांध चालू आहे. बायको म्हणते पातेल्याला कल्हई आणि पॉलिश करून घेऊ. आई म्हणते हात लावायचा नाही, नाव जाईल. तसंही नावाखाली अजून एक ओळ आहे ती घासून घासून इतकी गेलीये की वाचताच येत नाही, आई म्हणते तारीख असेल.

तर दोन प्रश्न. एक, तुम्हाला मिळालेली अशी कुठली भेट आहे जी पुरातून आधी काढाल. दोन, अक्षरं न घालवता पातेलं साफ कसं करायचं.

चिमणचारा
ड डोक्यावर चढवला वाचून फुटले :)) आमच्याकडे एका डब्यावर "सप्रेम भट" असं आहे, देणारे भट नाहीत आणि आम्हीही नाही.

माझं लहानपण नाशिकचं. दिवाळीआधी आईबरोबर भांडीबाजारात गेलं की दुकानाच्या पायरीवर तो माणूस बसलेला असायचा, हातात वायर जोडलेलं पेन, मांडीवर फडकं आणि फडक्यावर भांडं. ते पेन स्टीलवर टेकलं की असा कर्रर्र आवाज यायचा की माझे दात शिवशिवायचे, मी कानात बोटं घालून उभी राहायचे. नाव फुकट घालून मिळायचं म्हणून बायका आडनाव गाव तारीख निमित्त सगळं सांगायच्या आणि तो मान वर न करता "ताई वाटी आहे, हंडा नाही" म्हणायचा. पण ती नावं नुसती हौस नव्हती बरं का. पंगतीला सगळ्या आळीतली भांडी गोळा व्हायची, नंतर ढिगातून आपली ओळखायची कशी? साखरेची वाटी शेजारी गेली तर परत यायची ती नावामुळेच, आणि तरीही आमच्या घरी एक फुलपात्र आहे ज्यावरच्या आडनावाच्या कुणालाही आम्ही ओळखत नाही.

माझी भेट म्हणजे लेकीच्या वेळचा बाळंतविडा. झबली टोपरी दुपटी पुष्कळ आली, पण सासूबाईंच्या एका मैत्रिणीने कुंची शिवून आणली ती आमच्या आजेसासूबाईंच्या इरकली लुगड्याची. ते लुगडं सासूबाईंनीच तिला कधीतरी देऊन टाकलेलं. सासूबाईंनी कुंचीचा काठ बघितला आणि काही न बोलता आत निघून गेल्या, मला वाटलं माझं काय चुकलं.

सव्वाशेर
रोख रक्कम. संपला विषय. घेणाऱ्याला उपयोग होतो, देणाऱ्याला डोकेदुखी नाही. आमच्या लग्नात सात भिंतीवरची घड्याळं आली, वन बीएचकेला भिंती किती असतात हो?

अवकाळी
सव्वाशेर, सातच? आमच्याकडे तीन राधाकृष्ण, चार लेमन सेट आणि एक हत्ती ज्याच्या पाठीत दिवा लागतो.

लेमन सेटवरून आठवलं. २००४ ला आम्हाला लग्नात एक लेमन सेट आला, जग आणि सहा ग्लास, त्यावर संत्र्याची चित्रं. न वापरता माळ्यावर, मग नणंदेच्या दिराला वास्तुशांतीला दिला, २०११ ला आमच्या मुंजीत तोच परत आला. तोच कशावरून, तर खोक्याच्या आतल्या झाकणावर माझ्याच नवऱ्याच्या अक्षरात "हा द्यायचा" लिहिलेलं होतं. म्हणजे सात वर्षांत एकाही माणसाने खोकं उघडलं नव्हतं. आता वापरतो आम्ही तो, फिरून फिरून इतका दमून आलाय बिचारा.

ब्लाऊजपीसबद्दल तर बोलायलाच नको, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी दिलेला मोरपिशी पीस मला गौरीत परत मिळालाय, घडी तीच.

तिखटमीठ
@अवकाळी दंडवत घ्या __/\__

माझं घड्याळ आहे. एचएमटी जनता, चावीचं, १७ ज्वेल, पांढरी तबकडी आणि आकडे देवनागरी. वडील एसटीत कंडक्टर होते. मी बारावीला नापास झालो, दोन विषय. निकाल घेऊन घरी आलो तर आई रडत होती आणि वडील ड्यूटीवर. रात्री साडेदहाला आले, तिकिटाची पेटी खुंटीला लावली, हातपाय धुतले, जेवले, मग खिशातून डबी काढून माझ्यासमोर सरकवली. मला वाटलं आता काहीतरी लागेल असं बोलणार. म्हणाले "पास होशील म्हणून आणलेलं, दुकानदार परत घेईना". बास. पुढे त्या विषयावर आयुष्यात एक शब्द नाही.

ऑक्टोबरला दोन्ही विषय सुटले हे सांगायचं राहिलं.

२०१६ मध्ये कंपनीचं घड्याळाचं काम बंद झालं तेव्हापासून लोक एकदम शोधायला लागलेत, ऑनलाइन वाट्टेल त्या तबकड्या बसवून रंगवून विकतात, निळी काय हिरवी काय, घेणाऱ्यांनी जपून. माझं दिवसाला दोन-तीन मिनिटं मागे पडतं. सकाळी चहा उकळेपर्यंत चावी द्यायची, पंचवीसेक वळसे, घट्ट लागली की थांबायचं, बळजबरी केली तर स्प्रिंग गेली. मुलगा म्हणतो बाबा मोबाइलमध्ये वेळ दिसते. दिसते की.

शिलालेखी
कृष्णाकाठचा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. मी हौसेने गडकिल्ल्यांवरचे शिलालेख वाचत फिरतो, तिथे झिजलेला लेख वाचायचा तर त्याचा ठसा घेतात, ओला कागद दगडावर ब्रशने ठोकून बसवायचा, वाळत आला की वरून शाईची गादी हलक्या हाताने फिरवायची, म्हणजे खोलगट अक्षरं पांढरी राहतात. पातेल्याला एवढं करायची गरज नाही. पातळ बटर पेपर घ्या, पातेल्याला ताणून चिकटपट्टीने लावा आणि मऊ पेन्सिल, ६बी मिळाली तर उत्तम, आडवी धरून हळूहळू घासा. टिंबांची अक्षरं असल्यामुळे छान उठतील, ठोकलेलं टिंब घासलं तरी तळाशी खड्डा राहतोच. विजेच्या पेनाची रेघ असती तर अवघड होतं.

आणि चिंच मीठ चोळून धुवा फक्त. तारेची घासणी लावली तर तुम्हाला शाप देईन.

तांबटआळी
कल्हईबद्दल मी सांगतो, आमच्या घरात दोन पिढ्या हे काम होतं. कल्हई आतून असते, नाव बाहेरून, त्यामुळे कल्हईने नाव जात नाही, आईंना सांगा. भांडं भट्टीवर तापवायचं, आत नवसागर टाकला की पांढरा धूर निघतो आणि धातू स्वच्छ होतो, मग कथलाची कांडी टेकवायची आणि ती वितळली रे वितळली की कापसाच्या बोळ्याने गर्रकन फिरवायची. दोन मिनिटांचं काम आहे पण हात बसलेला पाहिजे. नाव घालवतो तो पॉलिशवाला, मशीनच्या बफवर धरलं की झालं गुळगुळीत. "आतून कल्हई, बाहेर हात नाही" असं सांगून समोर उभे राहा.

दूध तापवत असाल तर कल्हई मात्र कराच, पितळ उघडं पडलं असेल तर त्यात दूध, ताक, आंबट काही ठेवू नका.

औसारोड
मी फार लिहीत नाही पण हे सांगतो. आमचं गाव किल्लारीजवळ. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, सगळे दमून झोपलेले. मी नऊ वर्षांचा. दगडमातीची धाब्याची घरं आमच्याकडं, माळवदं, सगळी आत बसली. त्याच्याबद्दल जास्त नाही लिहीत.

पुढं आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहायचो आणि थंडी पडली. पत्रा रात्री बर्फ व्हायचा नुसता. ट्रकनं कपडे यायचे कुठून कुठून, गावाच्या मधोमध ढीग लागायचा. चांगलं पण यायचं आणि फाटकं पण यायचं, कुणी तर लग्नातला कोट पाठवलेला. मला एक हिरवा स्वेटर मिळाला, हातानं विणलेला, एक बाही लांब होती. घातला आन खिशात हात घातला तर चिठ्ठी. वहीचा कागद, पेन्सिलीनं लिहिलेलं, "मला लहान झाला. खिशात गोटी आहे ती पण तुझीच." दुसऱ्या खिशात गोटी होती, आत पिवळा आन निळा पट्टा.

नाव नाही, गाव नाही. त्या दिवसांत सगळे आम्हाला काहीतरी द्यायचे आन फोटो काढायचे. गोटी कुणी दिली नव्हती. दोस्तांना दाखवली तर सगळे खेळायला आले, घर पडल्यापासून पहिल्यांदा आम्ही खेळलो त्या दिवशी. स्वेटर भावाला गेला मग चुलतभावाला. गोटी आहे अजून, कपाटात. मुलगा मागतो, देत नाही.

चिमणचारा
औसारोड.... काय लिहू. चहा गार झाला माझा.

अवकाळी
आता माझा लेमन सेट काढून टाका कुणीतरी धाग्यातून.

औसारोड
अवकाळीताई अहो ते वाचूनच तर लिहायला आलो, लई हसलो.

अष्टागर
इथे येऊन काहीतरी हलकं लिहायचं ठरवलं होतं, बघू.

मी अलिबागजवळचा. काही वर्षांपूर्वी कामासाठी इस्रायलला होतो, दक्षिणेकडे, वाळवंटात. एकदा बसस्टॉपवर उभा राहून बायकोशी फोनवर बोलत होतो, नारळ महाग झाले की काय असलं काहीतरी, तर मागून आवाज, "कुठला रे तू?" वळून बघतो तर स्कर्ट आणि डोक्याला रुमाल, ऐंशीच्या घरातली आजी. मी म्हटलं अलिबागचा. तर माझा दंड धरला आणि बस निघून गेली तरी सोडला नाही.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, हे बेने इस्रायली, कोकण किनाऱ्यावरचे मराठी बोलणारे ज्यू. आमच्या भागात त्यांना शनिवार तेली म्हणायचे, धंदा तेलाच्या घाण्याचा आणि शनिवारी घाणा बंद. आडनावं आपल्यासारखीच गावावरून, शेवटी कर. १९४८ नंतर हळूहळू बरेचसे तिकडे गेले. आजी साठच्या दशकात गेलेली. मराठी अशी की मला माझी पणजी आठवली, "कंदील", "पडवी", "आगोटी" असले शब्द, कारण साठ वर्षांत तिच्या मराठीत नवं काही शिरलंच नव्हतं. मला आठवड्याला एकदा जेवायला बोलवायची. त्यांच्याकडे मलिदा असतो, एलियाहू हनबीच्या नावाने, भिजवलेले पोहे, नारळ, साखर, वर फळं, आणि तो नारळ ती विळीवर बसून खोवायची. विळी सामानात घालून मुंबईहून नेलेली, तिच्या आईची. लाकडाचा पाट मध्ये खोलगट झालेला, बसून बसून.

परत यायच्या आधी भेटायला गेलो तर विळी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली. मी नको नको म्हणतोय तर म्हणाली, "इथे माझी नात नारळाची पूड पुडीतून आणते. ही घेऊन जा, गावाला जाऊ दे तिला." विळीला "तिला" म्हणाली.

विमानतळावरची तपासणी तिकडे कशी असते ऐकलं असेलच. मोठ्या बॅगेत टाकलेली तरी बॅग उघडायला लावली. हे काय आहे? शब्दात सांगता येईना, शेवटी फरशीवर उकिडवा बसून एक पाय दुमडून नारळ खोवून दाखवला, हातात नारळ नसताना. मागची रांग बघतेय. तपासणारी मुलगी हसली आणि चेन लावून टाकली.

विळी अलिबागला आहे. धार लावायला लागली नाही अजून.

समईवात
आमच्या गोव्यात लेकीच्या पहिल्या चवथीला माहेरून सासरी वझें जातं, लाडू, करंज्या, फळं, काय काय, आणि ते सासरचे स्वतःकडे न ठेवता शेजारीपाजारी वाटतात. माझ्या पहिल्या वझ्यात बाबांनी एक पिशवी वेगळी बांधून वर लिहिलेलं "हें वांटूं नाका, चलयेचें" (हे वाटू नका, मुलीचं आहे). आत माझ्या आवडीच्या भाजलेल्या काजूबिया, सालीसकट. सासूबाईंनी वाचलं आणि पिशवी माझ्या हातात देऊन दार लोटून घेतलं. एवढंच.

बडोदेकरीण
वडिलांनी मला दहाव्या वाढदिवसाला आगफा क्लिक थ्री दिला होता, तो कॅमेरा आमच्या बडोद्यातच बनायचा म्हणून शहरातल्या निम्म्या घरांत असायचा. एका रोलला बारा फोटो. बारा! त्यामुळे फोटो काढायचा म्हणजे आधी घरात चर्चा. वर सूर्य आणि ढग अशी चित्रं असायची, ऊन असलं तर सूर्यावर करायचं. मी पहिल्या रोलचे अकरा फोटो आमच्या मांजरीचे काढले. बाबांनी धुवून आणले, पैसे गेले सगळे, पण एक शब्द बोलले नाहीत, सगळे अकरा अल्बममध्ये लावले आणि प्रत्येकाखाली तारीख. बारावा फोटो त्यांचा आहे, तोही अर्धा, कारण माझं बोट आलंय. त्या वयातला त्यांचा एवढाच फोटो आहे आमच्याकडे.

लालबागकर
गिरणी संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर, त्यातले एक आमचे वडील. पहिले दोन-तीन महिने सगळे जोशात होते, दिवाळीपर्यंत चाळीतल्या बायकांनी मंगळसूत्राच्या वाट्या मोडलेल्या. त्या दिवाळीला तळमजल्यावरच्या शिंपीकाकांनी कुठूनसा एक अख्खा तागा आणला, पिवळ्यावर तपकिरी चौकडी, आणि मजल्यावरच्या सगळ्या पोरांना शर्ट शिवले. एकाच कापडाचे, चौदा पोरं. मापं घेतली नाहीत, नुसतं बघून. पाडव्याला आम्ही चौदा जण रस्त्यावर निघालो तर लोक विचारायचे कुठल्या शाळेचा बँड. मुलींना उरलेल्या कापडाच्या रिबिनी. काकांनी शिलाई घेतली नाही आणि तागा कुठून आणला ते कधी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही, संपाच्या काळात काही गोष्टी विचारायच्या नसतात.

नवखा२००१
माझी भेट जुनी नाहीये, चालेल का? मी पुण्यात एमपीएससी करतोय, चौथं वर्ष (काही बोलू नका). दोन वर्षांमागे घरून पैसे यायचे थांबले, सोयाबीनला भाव नव्हता. मी दुपारी जेवायचं आणि रात्री चहा बिस्कीट असं चालवत होतो, कुणाला बोललो नव्हतो. अभ्यासिकेत शेजारच्या खुर्चीवर बसणारा एक जण होता, आमची ओळख म्हणजे "पंखा तीनवर करू का" एवढीच. एक दिवस त्याने मेसच्या कुपनांचं पुस्तक दिलं, तीस कुपनं, सगळी कोरी. म्हणाला मी महिनाभर गावी चाललोय, वाया जातील, तू वापर. मी घेतलं. आठ दिवसांनी तो मला दुसऱ्या पेठेतल्या अभ्यासिकेच्या खाली चहा पिताना दिसला. गावी गेलाच नव्हता. मी टपरीच्या मागून वळून गेलो, त्याने मला बघितलं की नाही माहीत नाही.

तो लागला, तहसीलदार आहे. मेसेज टाकला होता अभिनंदनाचा, कुपनांचं लिहिलं नाही.

तिखटमीठ
लिही रे बाबा. आजच लिही.

रानजाई
कोल्हापूरकडची वाकळ कुणीच कशी नाही काढली अजून? आजीच्या वाकळेत माझा शाळेचा फ्रॉक आहे, आजोबांचं धोतर आहे, काकाच्या फुटबॉल टीमची जर्सी आहे. पायाकडे पुसटसा १० नंबर दिसतो. टाके सरळ नाहीत कारण शेवटी तिला दिसायचं नाही, मी सुईत दोरा ओवून द्यायचे, एकदम वीस सुया ओवून उशीला टोचून शाळेत जायचे.

सव्वाशेर
इतका वेळ गप्प वाचतोय. वर रोख रक्कम म्हटलं ते अजूनही म्हणतोच, पण एक सांगतो.

आमच्याकडे आहेराची वही आहे, लाल कापडी पुठ्ठ्याची. नव्या लोकांना माहीत नसेल, लग्नात मांडवाच्या दाराशी एक जण वही पेन घेऊन बसायचा, आहेर आला की नाव आणि रक्कम किंवा वस्तू. पुढे त्यांच्या घरी कार्य निघालं की वही काढायची आणि तेवढंच किंवा थोडं वाढवून परत. म्हणजे भेट नाही, ठेवच ती, बिनव्याजी. माझं सगळं मत त्या वहीवरून बनलेलं आहे, ५ रु., ११ रु., तांब्या, ५ रु., टॉवेल-टोपी, खण, ११ रु.

गेल्या वर्षी वडील गेल्यावर चाळत बसलो होतो. बहिणीच्या लग्नाचं पान, १९८८. खाली एक नाव आहे, वडिलांच्या कारखान्यातले हमाल, आणि रकमेच्या रकान्यात वडिलांच्या अक्षरात "वाढप". त्या माणसाने दोन्ही पंगतींना वाढलं होतं, दिवसभर. वडिलांनी ते आहेरात धरलं. मी पुढे पानं उलटली, तर चार वर्षांनी परतफेडीच्या बाजूला त्याच नावापुढे "वाढप – फेडले", म्हणजे माझे वडील, हेड क्लार्क माणूस, त्या हमालांच्या मुलीच्या लग्नात वाढायला गेले होते. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आईला विचारलं तर म्हणाली "हो, त्या दिवशी सदऱ्यावर आमटीचे डाग होते".

ठीक आहे. रोख रकमेचा मुद्दा कायम.

चिमणचारा
सव्वाशेर, कायम ठेवा हो मुद्दा, आम्ही काय काढून घेतोय :)

कृष्णाकाठचा
धागा वर काढतोय, अपडेट द्यायचा राहिला. आधी सगळ्यांना मनापासून धन्यवाद, औसारोड, अष्टागर, सव्वाशेर, तुमचे प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवले. सव्वाशेरांचं ऐकून म्हणाली "वाढप हा मोठा आहेर आहे, पाय मोडतात".

तांबटआळींनी सांगितल्याप्रमाणे कल्हई करून आणली, मी समोर उभा, आत आता चांदीसारखं दिसतंय. बाहेर फक्त चिंच मीठ. मग काल रात्री शिलालेखींची युक्ती. मुलीच्या चित्रकलेच्या पेटीतली ६बी पेन्सिल, बटर पेपर, चिकटपट्टी. पातेलं मांडीवर घेऊन बसलो, मुलगी टॉर्च धरून, आई खुर्चीत, "जपून रे, जपून रे" चालू. पहिली ओळ लगेच उठली, डोक्यावरच्या ड सकट. दुसरी उठायला वेळ लागला. आधी "व" आला. मग बराच वेळ काहीच नाही, नुसतं राखाडी. मग शेवटाकडून "कडून" उठलं, म्हणजे तारीख नव्हतीच. मधली तीन अक्षरं पेपर सरकवून तीनदा घासली तेव्हा लागली.

"व गवळ्याकडून".

आई दोन मिनिटं काही बोलली नाही. मग तिला आठवलं. नऊ बिऱ्हाडांचे अठरा झाले आणि पातेलं होतं वीसचं, दोन कमी पडत होते. सकाळी दूध घालायला आला तेव्हा पायरीवर बायकांचा हा हिशोब चाललेला, त्याने ऐकलं आणि कनवटीचे दोन रुपये काढून ठेवले. तेव्हा त्यांनी त्याचंही नाव घालायचं ठरवलं असणार, तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि लग्नाच्या गडबडीत तिने खालची ओळ कधी वाचलीच नसेल, मग रोजच्या घासण्यात ती गेली.

मी म्हटलं, आई चोपन्न वर्षं तू दूध तापवतेस त्यात.

तर म्हणते, "अरे आणि मेला अर्धं पाणी घालायचा त्या दुधात. मी लग्नाच्या आदल्या दिवशीसुद्धा भांडले होते त्याच्याशी."

कागद फ्रेम करायचा म्हणतोय. मोठी साइज पुण्यात कुठे चांगली करून मिळते, कोथरूडच्या आसपास?